यादीबाहेरचीं माणसें

व्हर्जिनिया यूबँक्स या अमेरिकन विदुषींचें ‘ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी’ हें पुस्तक २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. यंत्रांच्या हातून विषमता कशी चालविली जाते, असा त्याच्या नांवाचा मराठींत भावार्थ सांगतां येईल. पुस्तकाला इतकीं वर्षें लोटल्यावर त्याची चर्चा आम्ही आतां कां करितों, असें वाचक विचारतील. त्यास आमचें उत्तर असें कीं, कांहीं पुस्तकें प्रसिद्ध होतात एका देशांत आणि त्यांची वेळ येते दुसऱ्या देशांत. केंद्र सरकारच्या ‘पोषण ट्रॅकर’ या पद्धतींत, अंगणवाडींतून घरीं न्यावयाचा शिधा देण्यापूर्वीं लाभार्थ्याचा चेहरा यंत्रानें ओळखला पाहिजे, असा नियम १ जुलै २०२५ पासून सक्तीचा झाला. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आदिवासी वाड्यांच्या अंगणवाड्यांनाही हाच नियम लागू आहे. तेव्हांपासून यूबँक्सबाईंचें पुस्तक आमच्यापुरतें परदेशी राहिलें नाहीं. आम्हीं तें पुन्हां वाचलें; आणि वाचतांना इंडियानांतील घरांबरोबरच उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील वाड्याही डोळ्यांपुढें ठेविल्या. या वाचनानें पुस्तकाचें मोल आमच्या मनांत वाढलें, तशीच त्याची एक मोठी उणीवही ध्यानांत आली. त्या दोहोंविषयीं येथें लिहावयाचें आहे.

पुस्तकांत मुख्यत्वें तीन हकीकती आहेत. पहिली इंडियाना राज्याची. तेथें २००६ सालीं गरिबांच्या अन्नसाहाय्याचें व औषधोपचाराच्या मदतीचें काम खासगी कंपन्यांच्या यंत्रणेकडे सोंपविण्यांत आलें. पूर्वीं एक सरकारी सेवक एकेका कुटुंबाची सारी माहिती ठेवून असे. त्याच्या जागीं आतां दूरध्वनीवरचे अनोळखी आवाज आणि संगणकाचे ठरीव प्रश्न आले. एखादा कागद गहाळ झाला, तर तो कोणाच्या हातून गहाळ झाला हें न पाहतां अर्जदारानें सहकार्य केलें नाहीं असा शेरा पडे आणि मदत बंद होई. पहिल्या तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक अर्ज नाकारले गेले, आणि २००९ सालीं खुद्द राज्यालाच तो करार मोडावा लागला. दुसरी हकीकत लॉस एंजलिसची. तेथें बेघर माणसाला खासगीतले खासगी प्रश्न विचारून गुण देतात आणि त्या गुणांवर त्याची घराची पाळी ठरते. तिसरी पिट्सबर्ग शहर ज्यांत आहे त्या अ‍ॅलेघेनी परगण्याची. मुलाच्या हेळसांडीची तक्रार आली कीं त्या कुटुंबांत पुढें धोका किती, हें तेथें यंत्र एक ते वीस या अंकांत सांगतें. परंतु यंत्राची माहिती सरकारी मदतीच्या दप्तरांतून घेतलेली. श्रीमंत कुटुंब खासगी डॉक्टरकडे जातें, त्याची नोंद त्या दप्तरांत उमटतच नाहीं. तेव्हां मदत मागणें हेंच संशयाचें कारण होऊन बसतें.

लेखिकेनें हें सर्व कचेरींत बसून लिहिलेलें नाहीं. ती या माणसांच्या घरीं गेली आणि त्यांच्याबरोबर बसून तिनें त्यांचे कागद पाहिले. यंत्र बनविणाऱ्यांचेंही म्हणणें तिनें शांतपणें ऐकून घेतलें. त्यामुळें पुस्तकांत संताप आहे, पण आक्रस्ताळेपणा नाहीं. अशा विषयावर लिहिणारा एक तर यंत्राचा भाट होतो, नाहीं तर त्याला राक्षस ठरवितो. यूबँक्सबाईंनीं या दोन्ही सवंग वाटा टाळल्या, हा त्यांचा मोठा गुण होय.

हीं यंत्रें माणसाप्रमाणें विचार करितात, असा एक समज सर्वत्र पसरला आहे, आणि विषय समजण्याच्या आड तोच येतो. म्हणून थोडें विषयांतर करितों. जुन्या कचेऱ्यांतून उमेदवार कारकून म्हणून एक वर्ग असे. बिनपगारी उमेदवारानें वर्ष दोन वर्षें दप्तरें चाळावीं, हेडकारकुनाचे शेरे पाहावे, कोणत्या अर्जावर काय हुकूम होतो तें मनांत ठेवावें आणि पुढें तसेच शेरे आपण लिहावे. कृत्रिम बुद्धीचें यंत्र हा असाच एक उमेदवार आहे. त्याची चिकाटी अमानुष आणि स्मरण अफाट. पण त्यानें गांव पाहिलेलें नाहीं. पूर्वींच्या हजारों निकालांतून तो एक वहिवाट शोधून काढतो आणि पुढच्या अर्जाला ती लावतो. जुना हेडकारकून एखाद्या वाडीच्या अर्जांना वर्षानुवर्षें खोडा घालीत आला असेल, तर हा उमेदवार त्या खोड्यालाच कायदा समजेल. शिवाय अर्जावर जात लिहिलेली नसली म्हणून ती त्याच्यापासून लपत नाहीं. आडनांव, वाडीचें नांव, शाळा सोडल्याचें वय, दर वर्षीं ठराविक महिने गांवाबाहेर असणें, इतक्या खुणा त्याला पुरेशा होतात. जातीचा रकाना गाळला म्हणजे भेदभाव टळला, असें म्हणणाऱ्यांनीं हें प्रकरण पुरतें समजून घेतलेलें नाहीं.

आतां आपल्या देशाचें जुनें दप्तर कसें आहे? १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कोणी काय केलें हें न पाहतां, अमुक जमातींत जन्मला एवढ्यावरून माणसाचें नांव पोलिसांच्या नोंदवहींत चढे, त्याला हजेरी द्यावी लागे, परवानगीवांचून गांव सोडतां येत नसे. स्वतंत्र भारतांत १९५२ सालीं तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु कायदा रद्द झाला म्हणून दप्तर रद्द होत नाहीं, आणि दप्तर जळालें तरी दप्तर लिहिणाऱ्यांची सवय जळत नाहीं. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत कैद्यांचीं कामें जातीवरून ठरविणारे आणि या विमुक्त जमातींकडे जन्मजात संशयानें पाहणारे नियम होते. ते घटनाबाह्य ठरविण्यासाठीं सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला. त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनें पोलिसांच्या कामांत कृत्रिम बुद्धीचा उपयोग करण्यासाठीं ‘मार्व्हल’ नांवाची संस्था उभी केली. तिच्यावर आम्ही कोणताही आरोप करीत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, त्या नव्या उमेदवाराला कोणतें दप्तर वाचावयास दिलें आहे, आणि त्यांतील जुना संशय कोणी धुऊन काढला आहे काय?

हा धोका केवळ आपल्यासारख्या देशाला आहे असेंही नाहीं. हॉलंडसारख्या शिस्तीच्या देशांत बालसंगोपनाच्या भत्त्याच्या कामीं करखात्याच्या यंत्रणेनें परदेशी नागरिकत्व ही संशयाची एक खूण मानली, हजारों निरपराध आईबापांवर फसवणुकीचा शिक्का बसला, आणि न फिटणाऱ्या वसुलीखालीं संसार मोडले. त्या प्रकरणाची जबाबदारी घेऊन तेथील मंत्रिमंडळानें १५ जानेवारी २०२१ रोजीं राजीनामा दिला. यंत्राच्या चुकीबद्दल माणसांनीं खुर्ची सोडावी, हा या कहाणींतील एकमेव समाधानाचा भाग होय.

येथपर्यंत आमचें आणि यूबँक्सबाईंचें एकमत आहे. मतभेद आहे तो त्यांच्या मध्यवर्ती रूपकाविषयीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत गरिबांना कोंडून ठेवण्याचीं दरिद्रीगृहें असत. आजचीं यंत्रें म्हणजे त्याच दरिद्रीगृहाची विटांवांचून बांधलेली नवी इमारत होय, असें त्या म्हणतात. गरिबावर सरकारची नजर इतरांपेक्षां अधिक असते, त्याच्याविषयींची माहिती अधिक गोळा होते आणि तीच त्याच्यावर उलटते, हें त्यांच्या पुस्तकाचें सार. अमेरिकेच्या संदर्भांत तें खरें असेल. पण कर्जत–खालापुरांत बसून वाचणाऱ्याला हें रूपक अपुरें वाटतें. येथील सर्वांत गरीब माणसावर सरकारची नजर जास्त आहे ही तक्रार नसून ती त्याच्यावर पडतच नाहीं, ही तक्रार आहे.

इरशाळवाडीचें उदाहरण घ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत चौकजवळ इरशाळगडाच्या उतारावरील ही ठाकरांची वाडी दरडीखालीं गेली. २७ मृतदेह हातीं लागले आणि ५७ माणसें शेवटपर्यंत सांपडलीं नाहींत. दरडींचा धोका असलेल्या गांवांची एक यादी सरकारपाशीं होती. त्या यादींत इरशाळवाडीचें नांव नव्हतें, असें सरकारनेंच दुसऱ्या दिवशीं विधिमंडळांत सांगितलें. ती यादी कोणत्याही कृत्रिम बुद्धीनें केलेली नव्हती, हें आम्ही मुद्दाम नमूद करितों. ती माणसांनींच केली होती, आणि त्यांच्या मनांत कोणाचा द्वेष होता असेंही आम्ही म्हणत नाहीं. परंतु उद्यां कोणी दरडींचें भाकीत करणारें यंत्र बांधलें आणि त्याला हीच यादी शिकविली, तर तें यंत्र अशा दुसऱ्या वाडीविषयीं काय सांगेल? धोका नाहीं असेंच सांगेल. आणि यादी निदान शंकेखोर अधिकारी चाळून पाहतो, यंत्राचा आंकडा मात्र शास्त्र म्हणून स्वीकारला जाईल. ज्याची नोंद नाहीं, तो यंत्राच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नाहीं. यूबँक्सबाईंच्या पुस्तकांत हें प्रकरण नाहीं, आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचें प्रकरण हेंच आहे.

या दोन तालुक्यांतील कातकरी समाजाकडे पाहिलें म्हणजे नोंद नसणें म्हणजे काय तें नीट कळतें. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तो धंदा जंगलाच्या कायद्यांनीं बुडाला, त्यामागून कोळशाच्या भट्ट्याही विझाल्या, आणि वीटभट्टी तेवढी उरली. केंद्र सरकारनें महाराष्ट्रांतील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून गणल्या आहेत, त्यांत कातकरी एक; कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. दिवाळी झाली कीं पुष्कळ कुटुंबें मुलांबाळांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशीं परततात. पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या, त्यामुळें घर आहे पण घराचा उतारा नाहीं. मूल घरीं जन्मलें तर जन्माचा दाखला नाहीं. तो नाहीं म्हणून पुढचा नाहीं. मोबाइल घरांत एखादा असतो, पण आधारशीं जोडलेला क्रमांक पैसे न भरल्यानें केव्हांच बंद झालेला असतो. अशा स्त्रीच्या दाराशीं आतां चेहरा ओळखणारें यंत्र आलें आहे.

चेहऱ्याच्या यंत्रांविषयीं एक गोष्ट प्रयोगानें सिद्ध झाली आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनीं २०१८ सालीं, चेहऱ्यावरून स्त्री कीं पुरुष हें सांगणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांची परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चुकीचें प्रमाण फार तर शेंकडा ०.८ निघालें, काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतींत तें शेंकडा ३४.७ पर्यंत गेलें. तीं यंत्रें निराळीं, त्यांचें काम निराळें, आणि पुढें त्यांत सुधारणाही झाली, हें सर्व मान्य. पण त्या प्रयोगाचा धडा कायमचा आहे. सर्वांची मिळून सरासरी काढली असतां यंत्र उत्तम ठरतें, आणि तरीही एका वर्गापुरतें तें अगदीं वाईट असूं शकतें. शंभरांतील नव्याण्णव चेहरे ओळखले असें कळविणारा अहवाल वाचून मुंबईंत समाधान होईल. उरलेला एक चेहरा दर महिन्याला त्याच त्या वाडींतील असेल तर काय, हें अहवाल सांगत नाहीं. यंत्राची चूक सर्वांवर सारखी पडत असती, तर ती नुसती गैरसोय झाली असती. ती एकाच ठिकाणीं पडते, म्हणून तिला भेदभाव म्हणावयाचें.

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही मांडलें पाहिजे. माणूस भेदभाव करीत नव्हता काय? रेशनच्या दुकानांतील वहींत मेलेल्यांचे अंगठे उमटत होते, चावडींत अर्जदाराचें आडनांव ऐकून खुर्ची पुढें सरकत होती किंवा सरकत नव्हती, आणि दाखल्यासाठीं हेलपाटे घालणाऱ्याची रोजी बुडत होती. यंत्र लांच मागत नाहीं, आणि कातकरणीला उंबऱ्याबाहेर उभी राहा असें म्हणत नाहीं. शहरांत बसून यंत्रांविरुद्ध लिहिणाऱ्यांना या गोष्टीचा विसर पडतो. यूबँक्सबाई ती नाकारीत नाहींत, पण तिच्यापाशीं पुरेशा थांबतही नाहींत. मग यंत्र आणि कारकून यांत फरक कोणता? आमच्या मतें दोन. कारकुनाचा पक्षपात एका चावडीपुरता असतो, यंत्राचा एका दिवसांत सगळ्या राज्यावर पसरतो. आणि कारकुनाशीं भांडतां येतें, त्याच्या वरिष्ठाकडे जातां येतें, वर्तमानपत्रांत त्याचें नांव छापतां येतें. यंत्राशीं भांडावयाचें कोणी आणि कोठें?

तेलंगणांत हें घडून गेलें आहे. निरनिराळ्या खात्यांची माहिती एकत्र जुळविणाऱ्या ‘समग्र वेदिका’ या यंत्रणेनें एका रिक्षा ओढणाऱ्याला, नांवाच्या साम्यावरून, मोटारीचा मालक ठरविलें, आणि त्याच्या विधवेचें धान्य बंद झालें. तें परत मिळविण्यासाठीं तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या राज्यांत २०१४ नंतरच्या कांहीं वर्षांत १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या होत्या, आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांची प्रत्यक्ष घरोघर फेरतपासणी करण्यास सांगितलें. दोष नांव चुकविणाऱ्या यंत्राचा तर होताच. पण त्याहून मोठा दोष, धान्य बंद करण्यापूर्वीं बाईला एक शब्द न विचारणाऱ्या माणसांचा होता.

उपाय म्हणून यूबँक्सबाई पुस्तकाच्या शेवटीं यंत्रें बनविणाऱ्यांसाठीं एक शपथ सुचवितात, वैद्यांच्या शपथेसारखी. हा भाग आम्हांस पुस्तकांतील सर्वांत दुबळा वाटला. शपथ ही सज्जनांना लागत नाहीं आणि दुर्जनांना बांधीत नाहीं. युरोपानें २०२४ सालीं कायदाच केला. सरकारी मदतीस कोण पात्र हें ठरविणारीं यंत्रें त्यानें मोठ्या जोखमीच्या वर्गांत घातलीं, आणि तीं वापरण्यापूर्वीं माणसांच्या मूलभूत हक्कांवर त्यांचा परिणाम काय होईल हें तपासण्याचें बंधन सरकारी संस्थांवर घातलें. आपल्या केंद्र सरकारनें २०२५ च्या नोव्हेंबरांत मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, पण स्वतंत्र कायद्याची आजच गरज नाहीं असा त्यांचा कल आहे. त्यासाठीं थांबून राहण्याचें मात्र कारण नाहीं. हातीं असलेले कायदे वापरले तरी पुष्कळ होईल. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाचीं कारणें दिलीं पाहिजेत, असें माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्याच्या चौथ्या कलमांत सांगतो. यंत्रानें नाहीं म्हटलें, हें कारण होऊं शकत नाहीं. आधारच्या खटल्यांत २६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ओळख पटविण्याचें यंत्र अपयशी झालें एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याचा हक्क बुडतां कामा नये, असें बजावलें आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहेच.

या आधारावर चार गोष्टी आम्हांस कर्जत–खालापुरासाठीं, आणि म्हणून सर्वत्रच, आवश्यक वाटतात. पहिली, यंत्रानें चेहरा ओळखला नाहीं तर शिधा आधीं द्यावा आणि चौकशी मागून करावी. अंगणवाडीच्या ताई त्या आईला ओळखतात, आणि ताईंची सही यंत्राच्या होकाराइतकीच ग्राह्य धरावी. दुसरी, नकार द्यावयाचा तर तो लेखी, मराठींत, कारणासह आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नांवानें द्यावा, म्हणजे भांडावयास एक माणूस सांपडेल. तिसरी, यंत्राच्या चुका वाडीवार आणि जमातवार मोजून दर सहा महिन्यांनीं ग्रामसभेंत वाचून दाखवाव्या. सरासरीच्या पांघरुणाखालीं त्या झांकूं नयेत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, यादींत कोण आहे हें तपासण्याइतकीच मेहनत, यादींत कोण नाहीं हें शोधण्यांत खर्च करावी. हें चौथें काम यंत्राला करतां येणार नाहीं. त्यासाठीं कोणाला तरी चप्पल झिजवीत वाडीवर आणि भट्टीवर जावें लागेल.

याच टापूंत १९४० च्या सुमारास माथेरानच्या भाई कोतवालांनीं सावकाराच्या पाशांतून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठीं धान्यकोठ्या काढल्या होत्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. ज्याला धान्य हवें त्याच्या हातीं तें पडतें कीं नाहीं, ही येथील राज्यकारभाराची कसोटी तेव्हांही होती आणि आजही आहे. यंत्र त्या कसोटीला उतरलें तर त्याचें आम्ही मनापासून स्वागत करूं.

यूबँक्सबाईंचें पुस्तक आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावें. घरांतील जीं मुलेंमुली संगणकाच्या शिक्षणाला लागलीं आहेत, त्यांच्या हातीं तर तें आवर्जून द्यावें, कारण उद्यांचीं यंत्रें तींच बांधणार आहेत. कोणीं तरी त्याचें चांगलें मराठी भाषांतरही करावें. मात्र भाषांतरकारानें तेवढ्यावर थांबूं नये. इंडियाना, लॉस एंजलिस आणि अ‍ॅलेघेनी यांच्यापुढें चौथें प्रकरण त्यानें स्वतः जोडावें. आणि तें लिहिण्यापूर्वीं कर्जत स्टेशनावर उतरून पावसाळ्याच्या आधीं, भट्टीवरून माणसें परत येतात त्या दिवसांत, एखाद्या वाडीच्या अंगणवाडींत सकाळ काढावी.